गॅल्व्हेस्टन : वाळूवर वसलेलें नगर

सप्टेंबरची आठवी तारीख म्हणजे पवित्र कुमारी मरियेचा जन्मोत्सव. ह्या सुमारास आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमाउलीच्या यात्रेची गडबड असते व घरोघरीं नोवेनाची प्रार्थना चालते. त्याच दिवशीं, सातासमुद्रांपलीकडे टेक्सासमध्यें स्थापन झालेल्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ दि इन्कार्नेट वर्ड’ ह्या संघाच्या धर्मभगिनी, जगाच्या ज्या कोपऱ्यांत असतील तेथें, एक जुनें फ्रेंच मरियागीत गातात. त्यांत मरियेस लाटांची राणी असें संबोधिलें आहे. त्या गीतामागें १९०० सालीं एका वाळूच्या बेटावर घडलेली हकीकत आहे. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबें समुद्राच्या सोबतीनें वाढलेलीं. म्हणून ह्या स्मरणिकेंत त्या बेटाचा वृत्तांत कांहींसा विस्तारानें द्यावा असें आम्हांस वाटलें.

गॅल्व्हेस्टन बेट मेक्सिकोच्या आखातांत टेक्सासच्या किनाऱ्यास समांतर पडलेलें आहे. त्याची लांबी सुमारें २७ मैल. रुंदी कोठेंहि तीन मैलांहून फारशी अधिक नाहीं. एका अंगास उघडा समुद्र, दुसऱ्या अंगास उथळ खाडी व खाजणें, आणि त्यांपलीकडे मुख्य भूमि. खडकाचा आधार म्हणून नाहीं. जें कांहीं आहे तें वाळूच. हिमयुगाचें बर्फ वितळून समुद्र चढत आला, आणि पांचएक हजार वर्षांपूर्वीं त्याच्या चढण्याची गति मंदावली, तेव्हां लाटांनीं व किनाऱ्यालगतच्या प्रवाहानें वाळूचा हा बांध उभा केला. वाऱ्यानें वाळू उडून किनाऱ्यामागें टेकड्या झाल्या. त्यांवर गवत रुजलें. आपल्या किनाऱ्यावर जिला मर्यादवेल म्हणतात तीच वेल तेथेंहि वाळूवर पसरली. आणि मुळांनीं वाळू धरून ठेविली. मोठें तुफान आलें कीं लाटा टेकड्या फोडून वाळू मागच्या खाजणांत नेऊन टाकतात. त्यामुळें बेट पुढून झिजतें व मागून वाढतें. तें जागचें हलतें म्हणूनच टिकतें. मुख्य भूमीवर येणाऱ्या लाटांचा पहिला तडाखा तेंच सोसतें.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानांतील दाखला येथें कोणासहि आठवेल. पण तो ह्या नगरास घाईनें लावूं नये. वाळू हजारों वर्षें टिकली होती. तिचा स्वभाव न ओळखतां तिजवर काय काय केलें गेलें, हा निराळा प्रश्न आहे व आमच्या मतें तोच खरा प्रश्न आहे.

ह्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी कारंकावा लोक. मासे, कालवें व कंदमुळें ह्यांवर निर्वाह करणारे हे लोक ऋतूप्रमाणें बेटावर येत व जात. कायमचें घर त्यांनीं तेथें बांधिलें नाहीं. १५२८ सालच्या नोव्हेंबरांत काबेसा दे व्हाका हा स्पॅनिश सरदार व त्याचे सोबती ह्याच बेटावर, अथवा त्याला लागून असलेल्या बेटावर, लाटांनीं फेंकले गेले. अंगावर वस्त्र नाहीं, कित्येक सोबती बुडालेले, थंडी मरणाची. त्यांची ती दशा पाहून कारंकावा लोक त्यांच्याजवळ बसले व अर्ध्या तासाहून अधिक काळ मोठ्यानें रडले, असें त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे. परक्यासाठीं असे अश्रु ढाळणाऱ्या ह्या लोकांचा पुढें गोऱ्या वसाहतवाल्यांनीं पाठलाग करून संहार केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते नामशेष झाले असें मानलें गेलें. आज त्यांचे वंशज आपण आहोंत असें सांगून पुनः एकत्र येत आहेत. स्पॅनिश लोकांनीं त्या बेटास ठेविलेलें नांव ‘दुर्दैवाचें बेट’ ह्या अर्थाचें होतें.

आजचें नांव बर्नार्दो दे गाल्व्हेस ह्या स्पॅनिश अधिकाऱ्यावरून पडलें. १८१७ पासून १८२१ पर्यंत झां लाफीत नांवाच्या चांचानें तेथें ठाणें दिलें होतें; त्याच्या पुरलेल्या द्रव्याच्या गोष्टी अजून चालतात, त्या असोत. टेक्सास स्वतंत्र गणराज्य झाल्यावर १८३९ सालीं नगराची रीतसर स्थापना झाली, आणि खोल बंदर असल्यामुळें कापसाच्या व्यापारानें तें झपाट्यानें वाढलें. १८४७ सालीं रोमनें सबंध टेक्साससाठीं धर्मप्रांत निर्माण केला, व त्याचें पीठ ह्या वाळूच्या बेटावर ठेविलें! पहिले बिशप झां-मारी ओदें हे फ्रेंच मिशनरी होते. त्यांनीं सेंट मेरीज कॅथीड्रल बांधविलें. तेथें विटा मिळत ना, म्हणून त्या बेल्जममधून जहाजानें आणविल्या. पुढें त्याच्या मनोऱ्यावर ‘सागरतारा मरिया’ हिची मूर्ति उभी राहिली. खलाशांस ती दुरून दिसे.

समुद्राहून अधिक भय त्या काळीं पीतज्वराचें होतें. दुसरे बिशप क्लोद द्युब्वी ह्यांनीं १८६६ सालीं फ्रान्समधील लिओं येथून तीन धर्मभगिनी आणविल्या. त्यांनीं पुढील वर्षीं रुग्णालय उघडलें, आणि त्याच वर्षींच्या सांथींत त्या तिघींपैकीं मदर ब्लांदीन मरण पावल्या. सांथीनें पोरकीं झालेलीं मुलें रुग्णालयांतच सांभाळणें भाग पडलें. पुढें १८७४ सालीं, नगराच्या रोगट हवेपासून दूर असावें ह्या हेतूनें, त्यांचा आश्रम नगराच्या पश्चिमेस तीन मैलांवर ऐन किनाऱ्याशीं हलविला. दुमजली लांकडी इमारती, पुढें वाळूच्या उंच टेकड्या व त्यांवर झाऊसारखीं खारवट वाऱ्यांत टिकणारीं झाडें. एका संकटापासून दूर नेण्यासाठीं निवडलेली ती जागा होती, आणि त्या वेळीं ती निवड शहाणपणाची दिसत होती.

नगरासमोरील टेकड्यांची गोष्ट निराळी. तेथें वस्ती वाढली, सखल जागा भरून काढावयास माती हवी होती, आणि टेकड्या फुकट पडलेल्या होत्या. त्या खणून वाळू भरावास नेली. समुद्र दिसावा, स्नानास सुलभ रस्ता व्हावा, हाहि लोभ होताच. नगरांतील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून पावणेनऊ फूटांहून उंच नव्हती. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हें बंदर १८७५ व १८८६ सालच्या तुफानांनीं उध्वस्त झालें, तेव्हां गॅल्व्हेस्टनकरांनीं समुद्रास भिंत घालण्याचा विचार केला. पण भीति ओसरली तसा विचारहि ओसरला. १८९१ सालीं तेथील सरकारी हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन ह्यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून, असल्या तुफानापासून ह्या नगरास मोठा धोका आहे ही समजूत निव्वळ वेडगळपणाची आहे, असा निर्वाळा दिला. विद्वान मनुष्याचा निर्वाळा, आणि तोहि खर्च वाचविणारा. लोकांस तो पटला ह्यांत नवल नाहीं.

ह्याच काळांत क्यूबा बेटांतील हाव्हाना येथें येशूसंघाच्या बेलेन विद्यालयांत एक वेधशाळा होती. फादर बेनितो व्हिन्येस ह्यांनीं तेथें १८७० पासून १८९३ पर्यंत, मरेपर्यंत, ढगांच्या आकारावरून व वायुभारमापकावरून चक्रीवादळांचा अभ्यास केला. १८७५ सालीं त्यांनीं वर्तविलेलें भविष्य खरें ठरलें व नावाडी लोक त्यांचा शब्द मानूं लागले. त्यांच्या मागून फादर लोरेन्सो गांगोइते हे त्या जागीं आले. १९०० सालीं क्यूबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यांत होता, आणि अमेरिकन हवामान खात्याच्या वरिष्ठांस ह्या क्यूबन वेधकर्त्यांचे इशारे म्हणजे उगीच घबराट वाटे. ऐन तुफानी मोसमांत त्यांच्या हवामानविषयक तारांवर बंदी घालण्यांत आली. सप्टेंबरच्या आरंभीं एक वादळ क्यूबावरून गेलें. खात्यानें ठरविलें कीं तें वळून फ्लॉरिडाकडे जाणार. फादर गांगोइते म्हणत होते कीं तें टेक्सासकडे चाललें आहे.

शनिवार, ८ सप्टेंबर १९००. नगराची वस्ती त्या वर्षींच्या खानेसुमारीप्रमाणें ३७,७८९ होती. सकाळीं वारा उत्तरेचा, म्हणजे समुद्राच्या उलट दिशेचा असूनहि भरती चढतच होती. मुलें रस्त्यांतील पाण्यांत खेळत होतीं. त्या सकाळीं आश्रमांतील सिस्टर एलिझाबेथ नगरांत शिधासामुग्री नेण्यास आल्या होत्या. तुफान शमेपर्यंत येथेंच थांबा, असें रुग्णालयांतील मदर गॅब्रिएल ह्यांनीं त्यांस विनविलें. मुलांचें अन्न माझ्या गाडींत आहे, मी गेलें नाहीं तर रात्रीं त्यांस जेवण नाहीं, असें म्हणून त्या परत गेल्या.

सायंकाळपर्यंत समुद्र पंधरा फूटांहून उंच चढला आणि सबंध बेट पाण्याखालीं गेलें. आश्रमापुढील टेकड्या लाटांनीं धुवून नेल्या. सिस्टरांनीं सर्व मुलांस मुलींच्या इमारतींत आणिलें, कारण ती अधिक भक्कम होती. कपडे वाळविण्याच्या दोऱ्या आणवून प्रत्येकीनें आपल्या कमरेशीं सहा ते आठ मुलें बांधून घेतलीं. मुलांचें भय कमी व्हावें म्हणून त्यांजकडून तें मरियागीत पुनः पुनः गाऊन घेतलें. प्रथम मुलग्यांची इमारत गेली. मग ही पायावरून उचलली जाऊन मोडली व छप्पर खालीं आलें. दहा सिस्टर व नव्वद मुलें गेलीं. आश्रमांतील त्र्याण्णव मुलांपैकीं तिघे थोरले मुलगे तेवढे वांचले. वाहत आलेल्या एका झाडास धरून ते रात्रभर पाण्यावर राहिले. पुढें खाडीपलीकडे मुख्य भूमीवर दोन सिस्टरांचीं प्रेतें सांपडलीं. त्यांतील एकीच्या मिठींत दोन लहान मुलें होतीं.

सर्व नगरांत सहा ते आठ हजार माणसें मेलीं. बेटाबाहेरचे धरून कांहीं जण हा आंकडा बारा हजारांपर्यंत नेतात. ३,६०० घरें नाहींशीं झालीं. उर्सुलाइन भगिनींच्या मठांत सुमारें हजार लोकांनीं आसरा घेतला व त्या रात्रीं तेथें चार बालकें जन्मलीं. कॅथीड्रल पडलें नाहीं. मनोऱ्यावरील मूर्तिहि जागीं राहिली. प्रेतें इतकीं होतीं कीं पुरण्यास जागा व माणसें पुरेनात. सुमारें सातशें प्रेतें वजनें बांधून खोल समुद्रांत सोडलीं, तीं लाटांनीं परत किनाऱ्यास आणिलीं. अखेर चिता पेटविल्या. त्या कित्येक आठवडे जळत होत्या. हें काम प्रथम नीग्रो मजुरांकडून संगिनीच्या धाकानें करविलें गेलें; हा अन्याय होता, व तो लिहून ठेवणें आवश्यक आहे. कॅथीड्रलचे धर्मगुरु फादर जेम्स कर्विन हे मदतकार्यांत पुढें होते. ते दारूचे कडवे विरोधी. पहिलें कम्युनियन घेणाऱ्या मुलांकडून दारू न पिण्याची शपथ घेववीत. परंतु प्रेतें उचलणाऱ्या लोकांस आपण स्वतः व्हिस्की दिली, कारण तिच्यावांचून तें काम मनुष्याच्यानें होण्यासारखें नव्हतें, असें त्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें.

नंतर गॅल्व्हेस्टनकरांनीं जें केलें तें पाहून आजचे शिल्पशास्त्रीहि थक्क होतात. हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल व एच. सी. रिप्ली ह्या तीन एंजिनियरांच्या योजनेप्रमाणें १९०२ ते १९०४ ह्या काळांत तीन मैलांहून लांब, १७ फूट उंच अशी काँक्रीटची भिंत समुद्रासमोर उभी केली. तिचा दर्शनी भाग आंत वळलेला ठेविला, म्हणजे लाट वर उसळून मागें पडते. पुढें ती वाढवीत १९६३ पर्यंत दहा मैलांवर नेली. त्याहून अचाट काम म्हणजे नगरच वर उचलणें. भिंतीमागें कालवा खणून गाळ काढणाऱ्या बोटी नगराच्या मध्यांत आणिल्या आणि वाळूमिश्रित पाणी नळांनीं घरांखालीं सोडलें. दोन हजारांहून अधिक इमारती आधीं स्क्रूच्या जॅकांवर उचलून घेतल्या होत्या. सेंट पॅट्रिकचें चर्च तीन हजार टन वजनाचें. तें सातशें जॅकांवर इंच इंच करीत पांच फूट चढविलें! नगरांतील दफनभूमीहि भरावाखालीं गेली. ज्यांच्या नातेवाईकांस जमलें त्यांनीं थडग्यांचे दगड वर काढून बसविले. सात-आठ वर्षें लोक चिखलावरून लांकडी फळ्यांच्या पुलांनीं हिंडत होते. भरावाचा खर्च सार्वजनिक होता, परंतु स्वतःचें घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्यास सोसावा लागला. गरिबांस तो किती जड गेला असेल हें सांगावयास नको.

खाऱ्या भरावानें झाडेंझुडुपें मेलीं. तेव्हां स्त्रियांच्या एका आरोग्यमंडळानें झाडें लावण्याचें काम हातीं घेतलें, व मुख्यतः लाविली ती कण्हेर. ती १८४१ सालीं जमेकाहून बेटावर आलेली होती, आणि खारी जमीन व खारा वारा ह्यांस ती दाद देत नाहीं. आपण जिला देवळाच्या व विहिरीच्या कडेस पाहतों त्या कण्हेरीचें नगर अशीच आज गॅल्व्हेस्टनची ख्याति आहे.

१९१५ च्या ऑगस्टांत पुनः तसेंच भयंकर तुफान आलें. भिंत टिकली, आणि तिच्या आंतील नगरांत मृत्यु फार थोडे झाले. भिंतीनें आपलें काम केलें ह्यांत शंका नाहीं. परंतु तिच्या पायाशीं आपटून परतणाऱ्या लाटांनीं समोरची वाळू खरवडून नेली. शिवाय बंदराचें तोंड खोल राहावें म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे लांब दगडी धक्के समुद्रांत घातले गेले, त्यांनीं किनाऱ्याबरोबर वाहणारी वाळू अडविली. बेटाच्या पूर्व टोंकास ती सांचत गेली. इतरत्र तिचा पुरवठा तुटला. भिंत जेथें संपते त्याच्या पश्चिमेस समुद्र वर्षास कांहीं फूट याप्रमाणें आंत येत आहे. भिंतीसमोर १९९५ सालीं बाहेरून वाळू आणून टाकावी लागली, आणि तेव्हांपासून तें पुनः पुनः करावें लागत आहे. ज्या नगरानें आपली वाळू भरावास फुकट नेली, तेंच आतां वाळू विकत घेतें.

टेक्सासच्या १९५९ च्या कायद्यानें समुद्रकिनारा सर्व लोकांचा मानला आहे. पण किनारा मागें सरकला कीं काल ज्याचें अंगण होतें तें आज सार्वजनिक वाळवंट होतें, आणि घरमालक कोर्टांत जातो. असे खटले राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले आहेत. समुद्राला मात्र सातबारा ठाऊक नसतो.

त्यांत भर ही कीं भूमीच खचत आहे. आसपासच्या प्रदेशांत जमिनीखालचें पाणी व तेल विसाव्या शतकांत अतोनात उपसलें गेलें. १९७५ सालीं त्या उपशास आळा घालण्यासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें. भूमि खालीं व समुद्र वर, असें दोन्हीं मिळून गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावरील भरतीमापकाप्रमाणें शंभर वर्षांत पाणी दोन फूटांनीं वर आलें आहे. १३ सप्टेंबर २००८ रोजीं ‘आइक’ नांवाचें तुफान आलें, तेव्हां भिंतीनें समोरचा समुद्र थोपविला. पाणी शिरलें तें पाठीमागून, खाडीच्या बाजूनें, जेथें भिंत नव्हती. खाऱ्या पाण्यांत मुळें बुडून सुमारें ४०,००० झाडें वाळलीं; त्यांत भरावानंतर लाविलेले शंभर वर्षांचे ओक पुष्कळ होते. खाडींतील कालवांचे सुमारें निम्मे थर गाळाखालीं गाडले गेले. शेजारचें बोलिव्हार द्वीपकल्प तर जवळजवळ साफ झालें.

तुफानानें कित्येक चर्चें निकामी झालीं, कित्येक कुटुंबें परतलीं नाहींत. २००९ सालीं बेटावरील व बोलिव्हारवरील सहा धर्मग्राम एकत्र करून ‘होली फॅमिली’ हा एकच धर्मग्राम करण्यांत आला. ज्या चर्चमध्यें आपला बाप्तिस्मा झाला, ज्याच्या भिंतीस आजोबांनीं हातभार लाविला, त्याचें नांव मागें पडणें किती कठीण जातें हें आपण जाणतों. कॅथीड्रलची दुरुस्ती होऊन तें २०१४ सालीं पुनः उघडलें.

आतां नवी योजना पुढें आहे. डच लोकांच्या धर्तीवर खाडीच्या मुखाशीं प्रचंड दरवाजे बसवावे, ही कल्पना विल्यम मेरेल ह्या प्राध्यापकांनीं ‘आइक’नंतर मांडली. अमेरिकन सैन्याच्या एंजिनियर खात्यानें तिचा विस्तार केला, व २०२२ च्या डिसेंबरांत काँग्रेसनें तिला मंजुरी दिली. अंदाजी खर्च ३४ अब्ज डॉलर धरला होता. ज्यांचा चरितार्थ खाडीवर आहे त्यांची शंका अशी आहे कीं दरवाजांच्या खांबांनीं खाडीचें तोंड अरुंद झालें, तर भरतीबरोबर आंत येणारीं कोळंबीचीं व माशांचीं पिलें कमी होतील. ही शंका क्षुल्लक नाहीं. कोळ्यांच्या पोटाचा हिशेब एंजिनियरांच्या कागदावर शेवटच्या रकान्यांत येतो, हें कोणत्याहि देशांत सारखेंच.

ह्याच योजनेंत आणखी एक कलम आहे. जेथें भिंत नाहीं अशा बेटाच्या पश्चिम भागीं व बोलिव्हारवर मिळून सुमारें ४३ मैलपर्यंत वाळूच्या टेकड्यांच्या दोन रांगा, एक १२ व दुसरी १४ फूट उंचीची, माणसांनीं रचून त्यांवर गवत लावावयाचें आहे. सरकारी काम होईल तेव्हां होईल. गॅल्व्हेस्टनच्या नैर्ऋत्येस लागून असलेल्या फॉलेट्स बेटावर लोकांनीं तोंवर आपली युक्ति चालविली आहे. नाताळ संपल्यावर जानेवारींत ते घरोघरचीं नाताळचीं वाळलेलीं झाडें गोळा करून किनाऱ्यावर आणतात आणि टेकड्यांच्या पायथ्याशीं ओळीनें आडवीं घालून मेखांस बांधून टाकतात. वाऱ्यानें उडणारी वाळू त्यांच्या फांद्यांत अडकते, आणि पावसाळ्याआधीं झाड दिसेनासें होऊन तेथें एक लहान उंचवटा झालेला असतो.